बिल्डिंगा झाल्या, सावलीचं काय?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या आवारात काय बरं आहे आणि काय खटकतं ते कळवा. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप तर विचारू नका. गंमत म्हणजे वर्गाच्या आतल्या तक्रारी फार कमी, सगळा राग वर्गाच्या बाहेरचा, म्हणजे रस्ता, ऊन, पाणी, जिना, पाट्या. निवडक पत्रं घेतलीत, नावं गाळलीत, संस्थांचीही गाळलीत.

प्रश्न : सर, आमच्या कॉलेजचं नाव घालू नका. बस गेटला सोडते, तिथून डिपार्टमेंटपर्यंत सरळसोट डांबरी रस्ता, एक झाड नाही. उन्हात डोकं फुटतं आणि पावसात छत्री उलटी होते. गाडीवाली पोरं भुर्रकन जातात, आम्ही बसवाले बसतोय चालत. मधून आम्ही एक वाट पाडली होती तर तिथं काटेरी तार मारली. आता नवीन बिल्डिंग तर अजून आत चाललीय म्हणे. असलं कसं वो बांधतात? – एम.ए.ची विद्यार्थिनी, खानापूर तालुका

बाळ, बांधणारा कधी बसनं आलेला नसतो, म्हणून. नकाशा काढणारा गाडीतनं येतो, मंजूर करणारा गाडीतनं येतो, उद्घाटनाला येणारा तर दहा गाड्या घेऊन येतो. आणि गाडीतनं बघितलं की गेटपासून लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूला दिवे, शेवटी मोठी बिल्डिंग, हे झकासच दिसतं. पायी येणाऱ्याचा हिशेब कुणी मांडतच नाही.

तो हिशेब काही अवघड नाही. खांद्यावर सॅक असलेला माणूस मिनिटाला पाऊणशे मीटर चालतो, फार तर ऐंशी. दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटं मिळाली तर त्यातली तीन-चार जिन्यात आणि वर्गाच्या दारातल्या गर्दीत जातात. राहिली सहा. म्हणजे वर्ग, लॅब, लायब्ररी, कॅन्टीन हे एकमेकांपासून चार-साडेचारशे मीटरच्या आत पाहिजे, नाहीतर पोरगी पुढच्या तासाला धापा टाकत उशिराच पोचणार. लांब टाकायचं ते ग्राउंड, स्टाफ क्वार्टर्स, गेस्ट हाऊस आणि पार्किंग. आपल्याकडं नेमकं उलटं, पार्किंग दारात आणि लायब्ररी टोकाला.

हे कसं करायचं ते शिकायला परदेशात जायला नको. आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे आर्किटेक्ट अच्युत कानविंदे, त्यांनी साठच्या दशकात आयआयटी कानपूरचा कॅम्पस केला. तिथं लायब्ररी, लेक्चर हॉल आणि विभागांच्या इमारती छत असलेल्या वाटांनी एकमेकांना जोडल्यात, काही वाटा चक्क वरच्या मजल्याच्या लेव्हलनं जातात, म्हणजे पायी जाणाऱ्याला गाडी आडवी येतच नाही. कानपूरचं ऊन काय असतं ते तिकडं गेलेल्यांना विचारा. दुसरे बाळकृष्ण दोशी, जन्म पुण्याचा. त्यांनी बेंगळूरचं आयआयएम केलं, तिथं दगडी भिंतींचे लांब कॉरिडॉर आहेत, कुठं वर स्लॅब, कुठं नुसत्या आडव्या तुळया आणि वेल, कुठं मध्येच चौक. तास सुटला की पोरं तिथंच रेंगाळतात, सर तिथंच सापडतात, निम्मा अभ्यास तिथंच होतो.

पण हेही सांगतो, ते जसंच्या तसं उचलून खानापुराकडं आणलं तर फसेल. आपल्याकडं जून-जुलैत पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेकडनं आडवा येतो. मी असल्या वाटा बघितल्यात, पत्रा १३-१४ फुटांवर आणि वाट जेमतेम सहा फूट रुंद, दिसायला छान, पण पावसात मधोमध चाललं तरी गुडघ्यापासून खाली चिंब. छप्पर खाली पाहिजे, आठ-नऊ फुटांवर, कडेला दोन फूट बाहेर काढलेलं, आणि पश्चिमेच्या अंगाला चिऱ्याची जाळीची भिंत, वारा येतो आणि पाणी अडतं. खाली फरशी खरखरीत. गुळगुळीत टाइल बसवली की आषाढात शेवाळ धरलंच आणि पोरं आपटलीच म्हणून समज.

आता तुझ्या हातात काय आहे ते. तार मारलेल्या वाटेचा फोटो काढ, सकाळी कॉलेज भरताना तिथनं किती जण जातात ते दोन दिवस मोजा, आणि प्राचार्यांना अर्ज द्या की तार काढून हीच वाट मुरूम टाकून पक्की करा. पोरं जिथनं चालतात तो रस्ता बहुतेक वेळा बरोबरच असतो. माझं तर मत आहे की नव्या कॅम्पसमध्ये पहिलं वर्ष पेव्हर बसवूच नयेत, वाटा पडू द्याव्यात, मग पैसे घालावेत. दुसरा अर्ज बस आत सोडण्याचा, तो कॉलेजच्या लेटरहेडवर डेपो मॅनेजरला. त्यांचा पहिला प्रश्न असतो वळवायचं कुठं, तर बसला एका दमात वळायला साधारण २५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, ती दाखवूनच अर्ज करा. आणि नवीन बिल्डिंगचा पाया अजून खणला नसेल तर आत्ताच बोंब मारा, स्लॅब पडल्यावर कोण ऐकतंय.

प्रश्न : आमच्या संस्थेनं गावाबाहेर २२ एकर शेतजमीन घेतली, एनए झालीय. पुढं जाऊन विद्यापीठ करायचा विचार आहे. जमिनीतून एक ओढा जातो, उन्हाळ्यात कोरडा. खालचा भाग काळ्या मातीचा, वर माळ आहे. आर्किटेक्ट म्हणतात ओढा बुजवून मधोमध डोमवाली मेन बिल्डिंग आणि पुढं मोठं लॉन करू. काही संचालकांना पटत नाही. काय करावं? – संस्थाचालक, निपाणी भाग

अध्यक्षसाहेब, ज्या संचालकांना पटत नाही त्यांना आधी चहा पाजा.

ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो म्हणून तो मेला असं होत नाही. वरच्या शेतांचं पाणी पिढ्यान् पिढ्या त्याच वाटेनं जातंय, तुम्ही बुजवलं तर ते तुमच्या डोमखाली येईल नाहीतर शेजाऱ्याच्या उसात घुसेल, आणि दुसरं झालं तर कोर्टात भेटाल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यानं पाणी काय करतं ते बघितलंय, निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना मी काय सांगू. ओढा तसाच ठेवा, दोन्ही काठांना भरपूर जागा सोडा, तिथं करंज, जांभूळ, उंबर लावा. दहा वर्षांनी कॅम्पसमधली सगळ्यात चांगली जागा तीच असेल आणि पोरं तिथंच बसतील, लॉनवर कुणी बसत नाही. लॉनवर माळी पाणी मारतो आणि वॉचमन शिट्टी मारतो, बास.

आर्किटेक्टला चित्र काढायला सांगायच्या आधी काँटूर सर्व्हे करून घ्या, म्हणजे जमिनीचा चढउतार नकाशावर येतो. खर्च फार नाही, बिल्डिंगच्या मानानं काहीच नाही. मग पाऊस जोरात लागला असताना स्वतः छत्री घेऊन जागेवर जाऊन उभे राहा. पाणी कुठनं येतं, कुठं तुंबतं, कुठनं बाहेर पडतं, ते नकाशावर पेनानं मारा. हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा खरं असतं.

मग सरळ आहे. इमारती माळावर, खाली मुरूम लागेल. काळ्या रानात ग्राउंड, बाग, शेततळं. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि चैत्र-वैशाखात भेगाळते, तुम्ही शेतकरी माणसं, भेगेत हात जाईल इतकी फट तुम्ही बघितलेली असते, तीच हालचाल पायाखाली होते आणि भिंतींना तिरके तडे जातात. तिथं बांधायचंच झालं तर अंडर-रीम पाइल घ्यावे लागतात, रुडकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेनं असल्या मातीसाठीच त्यावर काम केलंय, खाली फुगवटा असलेले खांब, मातीचा वरचा हलता थर सोडून खाली पाय रोवतात. होतं सगळं, पण माळ असताना ते पैसे कशाला घालवायचे?

पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस मीटरच्या छपरावर एका आठवड्यात १०० मिमी झाला तर एक लाख लिटर, थोडं इकडंतिकडं गेलं तरी ऐंशी हजार कुठं जात नाहीत. आपल्या जिल्ह्यात कणकुंबीला पाऊस थांबता थांबत नाही आणि अथणीला ढग नुसते तोंड दाखवून जातात, निपाणी मधली, म्हणजे पाणी मिळतं पण ते धरून ठेवावं लागतं. जवळचं उदाहरण कोल्हापूरचं. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, ८५३ एकरांचं, उघड्या माळावर उभं राहिलं. तिथं तळी, विहिरी, शेततळी करून पावसाचं पाणी आवारातच अडवलं, आणि पाण्याच्या बाबतीत ते बऱ्यापैकी स्वतःच्या पायावर उभं आहे. निपाणीहून तासाभराचा रस्ता, सगळे संचालक एका जीपमध्ये बसून जाऊन या. मोठं उदाहरण पाहिजे असेल तर बिहारमधलं नवं नालंदा विद्यापीठ, ४५५ एकर, जून २०२४ मध्ये उद्घाटन झालं, दोशींच्याच वास्तुशिल्प ऑफिसचं काम, तिथं तर सगळा कॅम्पस पाण्याच्या तळ्यांभोवतीच मांडलाय.

इमारतीची लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून ठेवा, म्हणजे इमारत पूर्व-पश्चिम पसरेल. दुपारी तीननंतरचं पश्चिमेचं ऊन खालून तिरकं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही, म्हणून पश्चिमेला जिना, बाथरूम, स्टोअर टाका. आणि उत्तरेची बाजू म्हणजे ऊन नाहीच असं समजू नका. आपण साधारण १६ अंशांवर, मे सुरू होताना सूर्य डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थोडा उत्तरेलाच असतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीलाही छोटा छज्जा लागतो. पुण्यामुंबईचे आर्किटेक्टसुद्धा कधीकधी हे विसरतात.

आता मुख्य गोष्ट, क्रम. सगळ्यांना आधी मेन बिल्डिंग पाहिजे असते कारण तिचा फोटो जाहिरातीत छापता येतो. पहिल्या वर्षी करायचं ते असं, झाडं, पाण्याची टाकी, गटार, रस्त्याची आखणी. झाडाला सावली द्यायला आठ-दहा वर्षं लागतात, बिल्डिंग दोन वर्षांत होते, मग कोण आधी पाहिजे सांगा. रस्त्याच्या कडेनं पाइप आणि केबलसाठी एक पट्टा राखून ठेवा, नाहीतर दरवर्षी नव्या कनेक्शनला डांबर फोडत बसाल. आणि पहिली बिल्डिंग जमिनीच्या टोकाला नको आणि डोमसारखी एकटी मधोमधही नको. भविष्यातल्या चौकाची एक बाजू म्हणून बांधा, पाच वर्षांनी दुसरी बाजू, मग तिसरी. चौक हळूहळू पुरा होतो आणि तोपर्यंतसुद्धा अर्धवट वाटत नाही. डोमच्या शेजारी पुढं काय बांधणार? दुसरा डोम?

आणि एक, थोडं खाजगी. प्रत्येक देणगीदाराच्या नावाची वेगळी बिल्डिंग, वेगळा रंग, वेगळी कमान, हे चालू केलंत तर विद्यापीठ राहील बाजूला आणि लग्नाच्या हॉलांची लाइन लागेल. नाव द्या की, पण नावाचा दगड चौकाला द्या, झाडांच्या रांगेला द्या.

प्रश्न : मी व्हीलचेअर वापरतो. आमच्या कॉलेजला रॅम्प आहे असं रिपोर्टमध्ये लिहिलंय, पण तो इतका चढाचा की दोन मित्रांनी ढकलावं लागतं, आणि तो मागं कॅन्टीनच्या गॅस सिलिंडरजवळ निघतो. सांगितलं तर म्हणतात, आहे की रॅम्प! – बी.कॉम., चिकोडी

मित्रा, त्यांच्याकडं रॅम्प आहे पण तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी आहे. मापच सांगतो, टेप घेऊन जा. उंचीच्या बारा पट लांबी, एकास बारा. जोतं दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर असेल तर रॅम्प निदान ५.४ मीटर लांब पाहिजे. जोतं ९० सेंटिमीटर असेल तर १०.८ मीटर, आणि मध्ये सपाट थांबा. तुमचा किती लांब आहे ते मोज, मला वाटतं दोन-अडीच मीटरच्या वर भरणार नाही. दोन्ही बाजूला कठडा, वर-खाली दीड मीटर सपाट जागा खुर्ची वळवायला, दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर.

रॅम्पच्या शेवटी बघ, दाराचा उंबरा असतो इंच-दीड इंचाचा. सगळा रॅम्प नीट बांधतात आणि पुढचं छोटं चाक त्या उंबऱ्याला अडतं. तो छिन्नीनं एका सकाळी निघतो, त्याला बजेट लागत नाही.

आणि कायदा तुझ्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, त्यात सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी इमारत, आवार आणि सोयी सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या आहेत, आवार हा शब्द कायद्यातच आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२ मध्येच संपली. तेव्हा अर्जात "कृपया विचार व्हावा" असलं लिहू नको. मापं लिही, फोटो लाव, कलम ४५ लिही. आणि रॅम्प पुढच्या दारालाच माग. मागच्या दारानं रोज आत जायला तू काय सिलिंडर आहेस?

प्रश्न : आमच्याकडं नवीन लायब्ररीला पुढून पूर्ण काच बसवतायत, पश्चिमेकडं तोंड. मॉडर्न दिसतं म्हणे. तुमचं मत? – प्राध्यापक, संकेश्वर

मत काय, संध्याकाळी चारला तिथं पोरं पुस्तक डोक्यावर धरून बसतील. पडदे लावतील, मग आत अंधार, मग दिवसा लाइट, मग एसी, आणि करंट गेला की सगळे बाहेर कट्ट्यावर. काच लावायचीच असेल तर उत्तरेला लावा. पश्चिमेला जाड भिंत, छोट्या खोल खिडक्या, आपला चिराच वापरा, उघडा ठेवा, रंगाचा खर्चसुद्धा वाचतो. ऑर्डर गेली असेल तर निदान बाहेरून उभ्या फळ्या बसवून घ्या, आणि समोर आठ मीटरवर झाडांची दाट रांग. गुलमोहर नको, फांदी ठिसूळ, वळवात मोडते. निलगिरी तर नकोच, सावलीच पडत नाही. करंज, बकुळ, कडुनिंब. सावली म्हणजे काय ते त्या आर्किटेक्टना दाखवायला बेळगावला कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, जुन्या रस्त्यांनी मे महिन्यात भर दुपारी चालवत न्या.

प्रश्न : विद्यापीठाचं मुख्य गेट पूर्वेलाच असावं असा आमच्या ट्रस्टमध्ये वाद चाललाय, रस्ता मात्र दक्षिणेला आहे. – निवृत्त शिक्षक, बेळगाव

गुरुजी, गेट रस्त्याकडं. पूर्वेला गेट केलंत तर पोरं सगळी वळसा न घालता दक्षिणेच्या कंपाउंडवरनं उड्या मारून येणार. फक्त हायवेला थेट गेट उघडू नका, आत थोडं सरकवा म्हणजे बस-रिक्षा रस्त्याच्या बाहेर थांबतात. पूर्वेला पाहिजे तर सुंदर प्रार्थनेचा कट्टा करा, सकाळचं ऊन मिळतं, कुणाचा विरोध राहणार नाही.

प्रश्न : मुलीच्या अ‍ॅडमिशनला गेलो तर पाट्या कन्नड आणि इंग्रजीत. मी मराठी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, तासभर फिरलो. मराठी पाटी लावली तर काय बिघडतं? – पालक, बेळगाव तालुका

काही बिघडत नाही दादा, उलट बरंच सुधारेल, पण ते भांडण या सदरापेक्षा मोठं आहे आणि त्याचा निकाल लागेपर्यंत तुमच्या धाकट्याचीही अ‍ॅडमिशन होऊन जाईल. म्हणून तोवर असं करता येतं, की पाटी न वाचता माणूस पोचला पाहिजे. प्रत्येक इमारतीला मोठा आकडा, लांबून दिसेल असा, आणि भागाला रंग. ऑफिस लाल पट्टीचं, लायब्ररी हिरव्या पट्टीची, हॉस्टेल पिवळ्या पट्टीचं. वॉचमनला सांगता येतं, "लाल पट्टीनं जावा, चार नंबर." कन्नडवाल्यालाही कळतं, मराठीवाल्यालाही, आणि आंध्रातनं नाहीतर बिहारमधनं आलेल्या पोरालाही. मोठ्या हॉस्पिटलात जमिनीवर रंगाच्या रेषा मारलेल्या असतात, त्यातलाच प्रकार. गेटजवळ आणि बसथांब्यावर एक मोठा नकाशा लावायचा, त्यात "तुम्ही इथं आहात" हा ठिपका, आणि नकाशा माणूस जिकडं तोंड करून उभा आहे तसाच फिरवून लावायचा, कारण उत्तर वर ठेवून लावलेला नकाशा बघून निम्मे लोक उलट्या दिशेला चालत सुटतात. त्या नकाशावर खाली तीन भाषांत नावं लिहायला सांगा, अर्ज पालकांच्या सह्यांनी द्या. मोठ्या पाटीला जेवढा विरोध होतो तेवढा नकाशावरच्या बारीक अक्षरांना होत नाही, असा माझा अनुभव आहे.

हॉस्टेलची पत्रं यावेळी घेतली नाहीत, कपडे वाळत घालायला जागा नाही यावरच ढीग आहे. ती पुढच्या अंकात.